वर्षानुवर्षं चिकटलेली चिंता, पॅनिक, मंत्रचळ: काहींचं जातं, काहींचं राहतं, फरक कशाने पडतो?

अर्धविराम
लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मला कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून पॅनिक आणि तब्येतीची चिंता हा त्रास आहे. म्हणजे छातीत जरा धडधडलं की हार्ट अटॅक, डोकं दुखलं की ट्यूमर, मग ईसीजी, मग रिपोर्ट नॉर्मल, मग थोडे दिवस बरं, मग परत पहिले पाढे. मधे वर्ष-वर्ष ठीक असतो, वाटतं सुटलो, की पुन्हा कुठूनतरी सुरू. आता चाळिशी आली. माझ्याच वयाच्या एका मित्राला जवळपास हाच त्रास होता, एकाच डॉक्टरकडे जायचो, गोळीही एकच. तो गेली कितीतरी वर्षं मस्त आहे, गोळी बंद, विमानाने फिरतो, मॅरेथॉन काय पळतो. मी अजून लिफ्टमधे शिरण्याआधी मोबाईलला रेंज आहे का बघतो.

तर प्रश्न असा की ज्यांचे असे जुने त्रास गेले त्यांचे कशाने गेले? आणि ज्यांचे राहिले त्यांना काय वाटतं, कशामुळे राहिले? गोळ्यांची नावं नकोत, ते डॉक्टर बघतील. "पॉझिटिव्ह विचार करा" हा सल्ला माझ्याकडे भरपूर साठलेला आहे, कोणाला हवा असेल तर वाटून टाकेन.

टवाळखोर_टिंब
पहिला नंबर! पॉझिटिव्ह विचार करा.

(पळतोय, मारू नका)

कडूनिंब
मला मंत्रचळ होता, ओसीडी. होता म्हणतेय, कारण आता दिवसातली दहा-पंधरा मिनिटं सोडली तर तो माझ्या वाटेला जात नाही. आधी सकाळी घरातून निघायलाच तास-दीड तास लागायचा. कुलूप ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत चढायचा, परत ओढायचं, मग कुलपाचा फोटो काढायचा, मग तो फोटो आजचाच ना हे तपासायचं. शिवाय घाणेरडे विचार यायचे, आपण झोपलेल्या बाळाला काही करू का असे, ते तर कोणाला सांगायची सोयच नव्हती.

आधीची बरीच वर्षं मी एका समुपदेशक बाईंकडे जात होते. बाई फार चांगल्या. बालपणाबद्दल बोलायचो, बाबांचा धाक, बोर्डाची परीक्षा, सगळं उकरून झालं. मी रडायचे, हलकं वाटायचं, घरी येऊन कुलूप ओढायचे. कारण सापडलं की आजार जाईल अशी माझी पक्की समजूत होती. कारणं भरपूर सापडली हो, कुलूप काही सुटलं नाही.

फरक पडला तो दुसऱ्या ठिकाणी ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) सुरू केल्यावर. भीती वाटते ते करायचं आणि मग ती शमवायला जे करतो ते करायचं नाही, बस एवढंच. वाचायला सोपं आहे. कुलूप एकदाच लावायचं, न ओढता जायचं, आणि "उघडं राहिलं असेल, असूदे" हे स्वतःला म्हणायचं. पहिले काही आठवडे मी ऑफिसात नुसती खुर्चीवर बसलेली असायचे, काम शून्य. लंडनमधे व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1966 साली अशा उपचारांबद्दल पहिल्यांदा लिहिलं, त्याआधी ओसीडीला जवळपास असाध्यच समजायचे. म्हणजे मी जन्मायच्या कितीतरी आधीपासून हे माहीत होतं आणि माझ्यापर्यंत पोचायला माझी तिशी उलटली, याचा मला अजून राग येतो.

तेव्हा माझं मत: योग्य जातीचा उपचार मिळणं हा एक नंबर. नुसता "उपचार चालू आहे" याला काही अर्थ नाही.

घुबड_रात्रपाळी
कडूनिंबताई, घरच्यांना विचारायच्या का तुम्ही, "दार लागलंय ना?" असं? मी विचारते. दिवसातून किती वेळा ते सांगत नाही. नवरा बिचारा दर वेळी हो म्हणतो.

कडूनिंब
@घुबड, विचारायचे म्हणजे काय! आणि तुझा नवरा बिचारा आहे हे खरं, पण तो जे करतोय ते खाज सुटलेल्या जागी खाजवून देण्यासारखं आहे. त्या क्षणी बरं वाटतं आणि जखम चिघळते.

आमच्याकडे थेरपिस्टनी नवऱ्यालाही एका भेटीला बोलावलं आणि तिघांनी मिळून एक वाक्य ठरवलं: "हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण मी इथेच आहे." पहिल्या दिवशी मी एवढी चिडले की विचारू नका. पण आधी माझ्या संमतीने ठरलं होतं हे महत्त्वाचं. त्याने आपल्या मनाने एक दिवस उठून उत्तर देणं बंद केलं असतं तर घटस्फोटच झाला असता.

स्टेथो
मी मनोविकार विभागात काम करतो. कुणाचं निदान इथे करणार नाही, सर्वसाधारण लिहितो.

अर्धविराम, तुमचा आणि मित्राचा आजार "जवळपास" सारखा होता म्हणता, तिथेच थोडी गोम असू शकते. अमेरिकेत हार्वर्ड आणि ब्राऊन विद्यापीठांनी चिंताविकाराच्या रुग्णांचा 12 वर्षं पाठपुरावा केला, निष्कर्ष 2005 मधे आले. नुसता पॅनिक असलेल्यांपैकी 82 टक्के लोक त्या काळात कधी ना कधी बरे झाले. पण पॅनिकच्या जोडीला गर्दी, प्रवास, बंद जागा टाळणं म्हणजे अ‍ॅगोराफोबिया असेल तर आकडा 48 टक्क्यांवर येतो. सतत काळजीचा विकार 58 टक्के, सोशल अँग्झायटी म्हणजे चारचौघांत वावरायची भीती 37 टक्के. आणि यातली ग्यानबाची मेख अशी की पॅनिकमधून बरे झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना तो त्याच 12 वर्षांत परत झाला. तेव्हा "परत आला" म्हणजे तुम्ही काहीतरी वेगळेच आहात असं नाही, हा या आजारांचा नेहमीचा मार्ग आहे.

ओसीडीवर स्वीडनमधला एक अभ्यास आहे. 1950 च्या दशकात तपासलेले 144 रुग्ण त्यांनी 40 वर्षांनी पुन्हा तपासले. 83 टक्के सुधारले होते, पण पूर्ण लक्षणमुक्त फक्त 20 टक्के. त्यातल्या बहुतेकांचा उमेदीचा काळ आजचे उपचार येण्याआधीच गेला हे लक्षात घ्या. लहान वयात सुरू झालेला आजार जास्त चिवट, हेही त्यात दिसलं.

आता ओपीडीत रोज दिसणारी कारणं. गोळी सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत बेचैनी वाढू शकते, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं, मग माणूस ती तिथेच सोडतो आणि "मला सूट नाही झाली" हा शिक्का आयुष्यभर. ओसीडीला गोळीचा परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात आणि डोसही बऱ्याचदा जास्त लागतो. दारू, कारण ती संध्याकाळी शांत करते आणि पहाटे दुप्पट घाबरवते. थायरॉइड कुणी तपासलेलाच नसतो. आणि लगेच शांत करणाऱ्या बेंझोडायझेपिनच्या गोळ्या, ज्या 2 ते 4 आठवड्यांपलीकडे शक्यतो नकोत, त्या लोक वर्षानुवर्षं घेतात. घेत असाल तर हे वाचून आज लगेच बंद करू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

बंडू_बिनधास्त
एवढं सगळं वाचून मी एकच सांगतो. हान्स आयझेंक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1952 लाच लिहून ठेवलंय की न्यूरॉटिक, म्हणजे असे चिंता-भीतीवाले, लोकांपैकी दोन तृतीयांश दोन वर्षांत आपोआप बरे होतात, थेरपी घ्या नाहीतर घेऊ नका. मग कशाला हे सगळे उद्योग? माझा काका असाच होता, शेतात कामाला लागला, झाला ठणठणीत.

स्टेथो
बंडूशेठ, आयझेंकने ते आकडे कुठून घेतले ते बघा. एक गट सरकारी इस्पितळातून घरी सोडलेल्या रुग्णांचा आणि दुसरा विम्याचे अपंगत्वाचे पैसे घेणाऱ्यांचा. "बरा" म्हणजे घरी गेला किंवा कामावर रुजू झाला. मनात काय चाललंय याची मोजणीच नाही. पुढे त्यावर भरपूर टीका झाली. आणि समजा खरं धरलं तरी हा धागा उरलेल्या एक तृतीयांशांचा आहे ना, ज्यांना दोन सोडा, वीस वर्षं झाली.

टवाळखोर_टिंब
बंडूच्या काकाला काही झालंच नव्हतं, बंडूपासून लांब जायचं होतं.

बंडू_बिनधास्त
@टिंब, काका गेला तेव्हा मी पाळण्यात होतो रे.

टवाळखोर_टिंब
तेव्हापासूनच.

सांजसावली
मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते काहींना आवडणार नाही. कडूनिंब, तुमचा अनुभव खरा आहे, पण हे सगळं तंत्रावर नेऊन ठेवलं की ज्याचं जात नाही त्याने गृहपाठ नीट केला नाही असा अर्थ निघतो. मला अनेक वर्षं सततची काळजी, छातीत गोळा, झोप नाही, पोट खराब. सीबीटी केली, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी, विचारांच्या वह्या भरल्या, "या विचाराला पुरावा काय?" वगैरे. अहो पुरावा होता! मॅनेजर रोज सगळ्यांसमोर अपमान करत होता, घरी आजारी सासरे, कर्जाचा हप्ता, आणि रात्री मी वहीत लिहितेय की माझे विचार अतिरंजित आहेत. त्रास कमी झाला तो नोकरी बदलल्यावर आणि सासऱ्यांना सांभाळायला दिराने अर्धा वाटा उचलल्यावर. थेरपीने नाही गेला.

सगळ्यांना असं परिस्थिती बदलणं जमतं असं नाही, म्हणून तर म्हणतेय. ज्याच्याकडे पैसा, वेळ, माणसं आहेत तो बरा व्हायची शक्यता जास्त, एवढं तरी मान्य करा.

घुबड_रात्रपाळी
सांजसावली +१००

कडूनिंब
सांजसावली, मान्य. माझी ईआरपी झाली कारण बाळाला सांभाळायला आई येऊन राहिली. ती नसती तर मी दुसऱ्या आठवड्यात सोडलं असतं.

एक शंका मात्र आहे. नोकरी बदलून छातीतला गोळा गेला, तो नवीन नोकरीत परत नाही आला? माझ्या ओळखीत दोघी-तिघी आहेत ज्यांनी नोकरी, घर, शहर सगळं बदललं आणि काळजीने फक्त विषय बदलला.

सांजसावली
थोडा आला. पूर्वीइतका नाही. आणि तेव्हा त्या वह्या कामाला आल्या, हे कबूल करायला जड जातंय :)

कोरा_कागद
मला वाटतं स्वभाव हाच खरा. काही माणसं मुळात घाबरट, हळवी, सगळं मनाला लावून घेणारी. इंग्लंडमधे नॉटिंगहॅमला पीटर टायरर या मनोविकारतज्ज्ञांनी 1980 च्या दशकात 210 रुग्ण घेऊन अभ्यास सुरू केला, काळजी, पॅनिक आणि रेंगाळणारं नैराश्य असलेले. कुणाला औषध, कुणाला सीबीटी, कुणाला स्वतःच घरी करायचा स्वमदतीचा कार्यक्रम. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या मागावर राहिले. सुरुवातीला कुठला उपचार मिळाला यापेक्षा माणसाच्या व्यक्तिमत्त्वात मुळात किती अडचणी होत्या यावर पुढचं जास्त अवलंबून निघालं. मी स्वतः तसाच आहे, माझे वडील तसेच होते, आजोबा तसेच. आता मी भांडणं सोडून दिलंय.

स्टेथो
कोरा_कागद, अभ्यास बरोबर सांगितलात, पण त्यावरून "सोडून द्या" निघत नाही. त्यावरून असं निघतं की ज्याला व्यक्तिमत्त्वाच्या अडचणी आहेत त्याला सहा भेटींचं पॅकेज देऊन घरी पाठवू नये, त्याला लांब पल्ल्याचा आधार लागतो. आणि स्वभाव दगडावरची रेघ नसतो. 2017 मधे 207 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, उपचारांनी स्वभावाचे गुण बदलतात का म्हणून. सगळ्यात जास्त बदललेला गुण भावनिक स्थैर्याचा, म्हणजे तुम्ही म्हणता तो घाबरटपणा. सरासरी उपचारकाळ 24 आठवडे.

कोरा_कागद
वडिलांना हे सांगायला हवं होतं कोणीतरी. असो.

बापमाणूस
धागा वाचतोय कालपासून. मी रुग्ण नाही, रुग्णाचा बाप आहे. मुलगा एकोणीसचा. शाळेत असताना वर्गात उत्तर देताना अडखळला, पोरं हसली, तिथून सुरू झालं. आधी शाळेतून सुट्ट्या, मग घरून परीक्षा, आता खोलीबाहेर पाहुणे असतील तर जेवायलाही येत नाही. आम्ही काय केलं? सगळं सोपं करून दिलं. त्याच्या वतीने फोन आम्ही उचलतो, दुकानात आम्ही बोलतो, पाहुणे बोलावणं बंद, जेवण खोलीत. प्रेमाने केलं हो. आणि मधेच सहनशक्ती संपली की मी ओरडतो, "किती दिवस चालणार हे नाटक", मग अपराधी वाटून परत सगळं सोपं करून देतो. सुरुवातीपासून हेच चाललंय.

वरती खाजवण्याचं वाचलं तेव्हा पोटात खड्डा पडला. तो डॉक्टरांकडे यायलाच तयार नाही. रुग्ण येत नसेल तर काय करायचं असतं?

कडूनिंब
काका, आधी एक सांगते, माझ्या आईबाबांनीही हेच केलं होतं. प्रत्येक घर हेच करतं.

स्टेथो
बापमाणूस, रुग्ण येत नसेल तर पालकांनी जावं, हे आता रीतसर उपचारात मोडतं. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांबरोबर करायची पद्धत बसवली, मुलाने एकदाही यायची गरज नाही. 2020 च्या त्यांच्या चाचणीत ती मुलांच्या सीबीटीच्या तोडीस तोड निघाली. त्या चाचणीतली मुलं तुमच्या मुलापेक्षा लहान होती, पण तत्त्व तेच आहे. दोन गोष्टी: "तुला त्रास होतोय हे दिसतंय, आणि तू हे पेलशील" अशी दोन्ही वाक्यं एकत्र बोलायची, आणि आपण करत असलेल्या सोयींपैकी एकच, छोटीशी, आधी सांगून बंद करायची. सगळ्या एकदम नाही. मुलाला हुकूम सोडायचाच नाही, बदल फक्त आपल्या वागण्यात.

ओरडण्याबद्दल. 1999 मधे शॅम्बलेस आणि स्टेकेटी या दोघी संशोधकांनी ओसीडी आणि अ‍ॅगोराफोबियाच्या रुग्णांच्या घरच्यांचा अभ्यास केला. जिथे घरच्यांचा राग माणसावरच होता, "तू असाच आहेस" छापाचा, तिथे रुग्ण उपचार जास्त सोडत होते. पण "तू आज पुन्हा ते केलंस, हे मला पटलं नाही" अशी एखाद्या कृतीवरची स्पष्ट टीका मारक ठरली नाही, उलट थोडी उपयोगीच दिसली. तेव्हा मिठाची गुळणी धरून बसायची गरज नाही. "नाटक" हा शब्द तेवढा टाका.

बापमाणूस
धन्यवाद डॉक्टर. फोन उचलण्यापासून सुरुवात करावी म्हणतो. म्हणजे न उचलण्यापासून. हिच्याशी बोलतो.

अजून_चालूच
आयडीवरून कळलं असेल. काळजीचा विकार, वीसेक वर्षं. सगळं करून झालंय, वर लिहिलेलं जवळपास सगळं. मी बरा झालेलो नाही आणि माझं चांगलं चाललंय, दोन्ही खरं आहे.

मी आधी काय करायचो, तर सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे आज कसं वाटतंय हे तपासणं. बरं वाटत असेल तर कार्यक्रम, नसेल तर रद्द. अशी किती लग्नं, किती सहली गेल्या. जपानमधे शोमा मोरिता नावाचे मनोविकारतज्ज्ञ होऊन गेले, साधारण शंभर वर्षांपूर्वीचे, त्यांना स्वतःलाही तरुणपणी असा त्रास होता. त्यांचं म्हणणं, भीती आहे तशी राहू द्या, तिच्याशी झटापट करू नका, आणि हातातलं काम करा. भीती गेल्यावर काम, असा क्रम लावलात की दोन्ही अडतं. मी तो क्रम उलटा केला. आता धडधडत्या छातीने लग्नाला जातो, जेवतो, येतो. गंमत म्हणजे धडधड कमीही झाली, पण ती कमी झाली का हे बघायला लागलो की परत वाढते.

टवाळखोर_टिंब
इतका शहाणा प्रतिसाद वाचून मलाच पॉझिटिव्ह वाटायला लागलं, डॉक्टर, काही गोळी?

आणि हो, अर्धविराम गायब आहेत. धागा काढून रिफ्रेश मारत बसलेत, आता हे लोक "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणतील म्हणून वाट बघत.

अर्धविराम
टिंबा, चोरा, बरोबर ओळखलंस.

सगळं वाचलं. काल त्या मित्राला फोन केला, म्हटलं तू नक्की काय केलंस. तो म्हणाला गोळी होतीच, पण गोळीने जरा बरं वाटायला लागल्यावर त्याने ज्या ज्या गोष्टींची धास्ती होती त्या मुद्दाम करायला घेतल्या. जिने धावत चढायचे आणि छाती धडधडू द्यायची, खुर्चीत गरागरा फिरून चक्कर आणायची. मी त्याच गोळीने जरा बरं वाटल्यावर काय केलं, तर आराम. ईसीजी चालू, खिशात इमर्जन्सीची गोळी चालू, लिफ्टमधे रेंज चालू. सांजसावलींचं पण पटलं, त्याची बायको त्याच्या बरोबर पळायची आणि माझी परिस्थिती तेव्हा वेगळी होती, ते इथे लिहीत नाही.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. गोळी बंद केली की परत येतोच का?

स्टेथो
येतोच असं नाही. चिंताविकार आणि ओसीडीवरच्या चाचण्या एकत्र करून 2017 मधे पाहिलं गेलं. बरं झाल्यावर औषध चालू ठेवलेल्यांपैकी साधारण 16 टक्क्यांना आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी 36 टक्क्यांना. म्हणजे धोका वाढतो, पण बंद केलेल्यांपैकीही जास्त जण त्या काळात ठीकच राहिले. घाईने आणि आपल्या मनाने बंद करू नका. तुमच्या मित्राने खुर्चीत फिरून जे केलं ते खरं तर शरीराच्या लक्षणांचं एक्स्पोजर आहे, म्हणजे ज्या लक्षणांची भीती तीच मुद्दाम आणून सोसायची. हृदयाची तपासणी नॉर्मल आहे हे एकदा डॉक्टरांकडून नक्की करून घ्या, आणि मग ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा. एकदा नक्की करून, पुन्हा पुन्हा नाही.

अजून_चालूच
खिशातली गोळी सगळ्यात शेवटी काढा. मी ती आधी काढायला गेलो होतो, जमलं नाही. रेंजपासून सुरू करा, फोन बंद करून एक मजला.

बंडू_बिनधास्त
एक मजला तर जिन्यानेच जावं माणसाने.

अर्धविराम
बंडू, तेही छाती धडधडवतं. दोन्ही करेन.

घुबड_रात्रपाळी
जाता जाता, थेरपिस्ट ईआरपीवाला आहे की बालपणवाला हे आधी कसं कळणार? पाटीवर तर सगळेच सगळं लिहितात.

कडूनिंब
पहिल्याच भेटीत सरळ विचार: ओसीडीचे किती रुग्ण बघितलेत, भेटीत प्रत्यक्ष काय करायचं असतं, दोन भेटींच्या मधे घरी काय करायला देता, आणि सुधारणा होतेय हे मोजणार कसं. "आपण बोलूया, मोकळं वाटेल" एवढंच उत्तर आलं तर नमस्कार करून निघ. आणि भेटीला नवऱ्यालाही घेऊन जा, त्याला ते वाक्य शिकायचंय.

घुबड_रात्रपाळी
त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "मग आजपासून हो म्हणायचं नाही का?" मी म्हटलं, थांब, आधी अपॉइंटमेंट घेऊ. त्यावर हो म्हणाला.